बॅकएंड कोणता घ्यावा? स्वतःची प्रोग्रामिंग भाषा घडवणाऱ्यांसाठी

शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बुलढाणा, चिखली, मलकापूर इथेही अभियांत्रिकीची सोय झाली. यांपैकी कुठेही शेवटच्या वर्षाच्या एखाद्या गटाने ‘मराठी कीवर्ड असलेली प्रोग्रामिंग भाषा’ असा प्रकल्प घेतला, की सुरुवात मजेत जाते. लेक्सर होतो, पार्सर होतो, ‘जर’, ‘नाहीतर’, ‘जोवर’ ओळखले जातात, पडद्यावर सिंटॅक्स ट्री छापून दिसते. मग गाइड विचारतात, “ठीक आहे, पण प्रोग्राम चालणार कसा?” इथे बहुतेक गट एलएलव्हीएमचे नाव घेतात, कारण रस्ट, स्विफ्ट, ज्युलिया या सगळ्या भाषा तेच वापरतात.

नाव मोठे आहे यात शंका नाही. पण बॅकएंड निवडताना ‘सर्वांत वेगवान कोड कोण देतो’ हा प्रश्न शेवटी यायला हवा. त्याआधी तीन गोष्टी ठरवायच्या असतात : तुमच्या भाषेतला प्रोग्राम कोणत्या यंत्रावर चालणार, कंपायलर पुढे कोण सांभाळणार आणि तुमच्या हातात किती महिने आहेत. या तिन्हींची उत्तरे प्रामाणिकपणे लिहिली, तर लहान गटासाठी पहिला बॅकएंड बहुधा सी भाषा हाच ठरतो. असे का, आणि कोणत्या परिस्थितीत हा सल्ला मोडावा, ते पाहू.

कोणते काम दुसऱ्यावर सोपवायचे

फ्रंटएंडला प्रोग्रामचा अर्थ कळला की त्यापुढचे सगळे बॅकएंडकडे येते : प्रोसेसरच्या सूचना निवडणे, मूठभर रजिस्टरांत शेकडो चलांची सोय लावणे, फंक्शनला आर्ग्युमेंट देण्याचे त्या त्या यंत्राचे नियम पाळणे, ऑब्जेक्ट फाइल लिहिणे, डीबगरसाठी ओळींची माहिती जोडणे. मधल्या टप्प्यात कोड सुधारण्याचे काम असते. तीच राशी पुन्हा मोजली जात असेल तर ती वाचवणे, या एका प्रश्नावर आयआयटी मुंबईच्या प्रा. धनंजय धामधेरे यांनी मूलभूत संशोधन केले. त्यांची सिस्टिम्स प्रोग्रामिंगवरची पुस्तके अनेकांनी परीक्षेसाठी वाचली असतील. तिथलेच प्रा. उदय खेडकर यांनी अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासोबत २००९ मध्ये डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसवर ग्रंथ लिहिला आणि आयआयटीतल्या जीसीसी रिसोर्स सेंटरमधून जीसीसीच्या पोटात काय चालते ते शिकवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. ज्या विषयावर माणसे आयुष्य घालवतात, तो तुम्ही एका सत्रात नव्याने लिहिणार नाही. म्हणून बॅकएंड निवडणे म्हणजे कोणते काम दुसऱ्यावर सोपवायचे हे ठरवणे.

खामगावच्या जिनिंगमध्ये गावोगावचा कापूस येतो, सरकी वेगळी होते आणि रुईच्या एकसारख्या गाठी बांधल्या जातात; त्या गाठी कोणत्याही गिरणीत चालतात. कंपायलरमधल्या मधल्या भाषेचे, म्हणजे आयआरचे, कामही तेच. दहा भाषा आणि दहा प्रोसेसर यांच्यासाठी शंभर कंपायलर लिहावे लागू नयेत म्हणून सगळे आधी एका ठरावीक रूपात आणायचे. २००० साली इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी सुरू केलेल्या एलएलव्हीएमच्या केंद्रस्थानीही असाच एक आयआर आहे. अडवे यांचे बीटेक आयआयटी मुंबईचे.

आधी ही उत्तरे लिहून काढा

एक कागद घ्या आणि पुढील प्रश्नांना एकेका वाक्यात उत्तर द्या.

१. प्रोग्राम कुठे चालणार? लिनक्सच्या लॅपटॉपवर, अँड्रॉइड फोनच्या ब्राउझरमध्ये, की शेतातल्या पंपाच्या कंट्रोलरवर?

२. वेग कशात हवा? कंपाइल पटकन व्हावे की तयार प्रोग्राम पटकन चालावा? शिकणाऱ्या मुलांच्या भाषेत पहिला वेग जास्त महत्त्वाचा.

३. मेमरी कोण मोकळी करणार? गार्बेज कलेक्टर लागणार असेल, तर बॅकएंड त्याला मदत करतो का?

४. कंपायलर कोणत्या भाषेत लिहिताय? सी++, रस्ट, जावा की पायथन?

५. पुढच्या वर्षी हा कोड कोण उघडणार? तुमच्यानंतरच्या तुकडीला तो बांधता यायला हवा.

६. परवाना चालेल का? एलएलव्हीएमला अपाची २.० आणि काही सवलती लागू आहेत, क्यूबीई या छोट्या बॅकएंडला एमआयटी परवाना आहे, जीसीसीला जीपीएल ३ आहे. जीसीसी वेगळा प्रोग्राम म्हणून हाक मारून वापरलात तर तुमच्या कंपायलरवर बंधन येत नाही; मात्र लिबजीसीसीजिट ही त्याची लायब्ररी आपल्या कंपायलरला जोडून वाटणार असाल, तर जीपीएलच्या अटी पाळाव्या लागतात.

सी भाषा : पहिला मुक्काम

आपल्या भाषेतून सी कोड लिहून काढायचा आणि तो जीसीसी किंवा क्लँगला द्यायचा, हा मार्ग जुना आणि मानाचा आहे. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांचा सीफ्रंट १९८० च्या दशकात सी++ चे रूपांतर सीमध्येच करत असे. निम ही भाषा आजही मुख्यतः हाच रस्ता धरते.

फायदे रोखठोक आहेत. पहिला चालणारा प्रोग्राम काही दिवसांत दिसतो. तयार झालेला कोड वाचता येतो, त्यामुळे चूक कुठे झाली ते डोळ्यांनी सापडते. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर फुकट मिळतो. सीमध्ये ‘लाइन’ डिरेक्टिव्ह घातले की डीबगर तुमच्या मूळ मराठी फाइलची ओळ दाखवतो. शिवाय सी कंपायलर नाही असे यंत्र शोधून सापडणार नाही.

हा शेवटचा मुद्दा आपल्या भागात वजनदार आहे. समजा तुमची भाषा ठिबक किंवा पंप चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलरसाठी आहे. आर्डुइनो ऊनोवरच्या चिपमध्ये प्रोग्रामसाठी ३२ केबी आणि रॅम फक्त २ केबी असते. क्यूबीई आणि क्रेनलिफ्ट हे पुढे येणारे बॅकएंड ६४-बिट प्रोसेसरांसाठी बनलेले आहेत, ते इथे कामाचे नाहीत. सी मात्र तिथेही चालते आणि ईएसपी-३२ वरही. फक्त एक पथ्य पाळा : ऊनोच्या या चिपवर सीचा ‘इंट’ १६ बिटांचा असतो. तयार होणाऱ्या कोडमध्ये साधा ‘इंट’ कधीच लिहू नका. ३२ किंवा ६४ बिट हे नावातच सांगणारे प्रकार वापरा.

सीचे सापळेही आहेत आणि ते सगळे एकाच जातीचे आहेत : तुमच्या भाषेचा नियम एक, सीचा दुसरा. बाजार समितीच्या पट्टीचे उदाहरण घ्या. क्विंटल, दर, हमाली, तोलाई असा हिशेब पैशांच्या पूर्णांकांत करणारा प्रोग्राम ३२ बिटांत ठेवला, तर २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे ही त्याची कमाल. हंगामात मोठ्या यार्डाची बेरीज ही मर्यादा ओलांडू शकते. त्या क्षणी काय व्हावे? सीच्या मते चिन्हासह पूर्णांक ओव्हरफ्लो झाला तर वर्तन अनिश्चित. कंपायलर असे होणारच नाही असे धरून कोड बदलू शकतो. म्हणून नियम तुमच्या भाषेच्या माहितीपुस्तिकेत आधी लिहा : आकडा गुंडाळायचा, की चूक दाखवून थांबायचे. गुंडाळायचा असेल तर जीसीसी-क्लँगचा ‘एफ-रॅपव्ही’ पर्याय लावा. थांबायचे असेल तर ओव्हरफ्लो तपासणारी त्यांची अंगभूत फंक्शने वापरा.

आर्ग्युमेंट्स कोणत्या क्रमाने मोजायची हेही सी ठरवून देत नाही. प्रत्येक राशी आधी तात्पुरत्या चलात ठेवून मगच फंक्शनला हाक मारा. पॉइंटरच्या प्रकारांबाबतची सीची गृहीतके बंद करण्यासाठी स्ट्रिक्ट अलायसिंग बंद ठेवण्याचा पर्याय द्या. शून्याने भागाकार आणि शब्दाच्या लांबीपेक्षा जास्त शिफ्ट यांची तपासणी स्वतः घाला. एवढे सांभाळले की हा बॅकएंड वर्षानुवर्षे टिकतो.

एलएलव्हीएम कधी घ्यावे

तीन गोष्टी एकत्र आल्या तर जरूर घ्या : तयार प्रोग्रामचा वेग हाच तुमचा मुख्य दावा आहे, सीमध्ये सांगता न येणारे काही तुम्हाला हवे आहे, आणि गटात निदान एकाला हे काम पुढे वर्षभर सांभाळायचे आहे. सीमध्ये सहज न सांगता येणाऱ्या गोष्टी म्हणजे बेरजेगणिक ओव्हरफ्लोचा वेगळा नियम, टेल कॉलची हमी, एक्सेप्शन हाताळण्याची कमी खर्चाची पद्धत, किंवा प्रोग्राम चालू असतानाच कोड तयार करणे.

घेतलेत तर चार सूचना.

पहिली, सोर्सपासून बांधायला बसू नका. क्लँगसह डीबग बिल्डला १५ ते २० जीबी जागा लागते, आणि आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एकाच वेळी अनेक लिंक सुरू झाले की मशीन गोठते. उबुंटूचे तयार पॅकेज घ्या. बांधणे अटळच असेल तर रिलीज बिल्ड, एकच टार्गेट आणि एका वेळी एकच लिंक एवढे ठरवून घ्या.

दुसरी, आवृत्ती पक्की करा. दर सहा महिन्यांनी नवी मोठी आवृत्ती येते आणि सी++ ची रचना बदलत राहते. २०२२ च्या १५ व्या आवृत्तीपासून पॉइंटरला ‘कशाचा पॉइंटर’ हे न सांगणे हाच मूळ पर्याय झाला आणि पुढे जुनी पद्धत गेलीच. त्याआधीचे कित्येक धडे आणि जुने प्रकल्प त्यामुळे जसेच्या तसे चालत नाहीत. तुम्ही वाचत असलेला धडा कोणत्या आवृत्तीचा आहे, ते पहिल्या पानावर तपासा.

तिसरी, सुरुवातीला लायब्ररी जोडूच नका. एलएलव्हीएमच्या आयआरचे मजकुराचे रूप साध्या फाइलमध्ये छापा आणि ती क्लँगला द्या. कंपायलर पायथनमध्ये असला तरी हे जमते, आणि चूक झाली तर फाइल उघडून वाचता येते.

चौथी, एसएसए रूप, म्हणजे प्रत्येक चलाला एकदाच किंमत मिळते असे रूप, स्वतः बांधत बसू नका. प्रत्येक स्थानिक चलाला स्टॅकवर जागा द्या, वाचा-लिहा. ‘मेमटूरेग’ नावाचा पास ती चले रजिस्टरांत नेतो. नवख्यांचे आठवडे इथेच वाया जातात.

क्यूबीई आणि क्रेनलिफ्ट

क्यूबीई हा केंटिन कार्बोनो यांचा सीमध्ये लिहिलेला छोटा बॅकएंड. मोठ्या बॅकएंडच्या सुमारे ७० टक्के कामगिरी १० टक्के कोडमध्ये मिळवायची, असे त्याचे घोषित ध्येय आहे. मजकुराच्या रूपात आयआर द्या, असेंब्ली घ्या. एसएसए तो स्वतः बांधतो आणि सीच्या फंक्शनांशी बोलण्याचे नियम चोख पाळतो. हेअर ही भाषा त्यावर उभी आहे. पूर्ण सोर्स वाचून समजेल एवढाच असल्याने शिकण्यासाठी उत्तम. विंडोजवरच काम करायचे असेल किंवा डीबगरची सविस्तर माहिती हवी असेल, तर मात्र आधी तेवढे चाचपून पाहा.

क्रेनलिफ्ट रस्टमध्ये लिहिलेला आहे आणि वेबअसेंब्ली चालवणाऱ्या वासमटाइमचा तो कोड जनरेटर आहे. कोड लवकर तयार व्हावा हा त्याचा हेतू, म्हणून लिहिताक्षणी चालवायच्या भाषांना तो शोभतो. तुमचा कंपायलर रस्टमध्ये असेल तर हा पर्याय एलएलव्हीएमच्या आधी तपासा.

मोठ्या भाषाही आता एकाच बॅकएंडवर विसंबत नाहीत. रस्टने रोजच्या कामासाठी क्रेनलिफ्टचा प्रायोगिक पर्याय दिला. गोचा बॅकएंड पहिल्यापासून स्वतःचा आहे. झिगने २०२५ मध्ये एक्स-८६ वरच्या डीबग बिल्डसाठी बऱ्याच ठिकाणी एलएलव्हीएमऐवजी स्वतःचा बॅकएंड मूळ पर्याय केला. कारण एकच : कोड लिहिणाऱ्याला बदल केल्यावर ताटकळत बसायचे नसते.

जेव्हीएम आणि वेबअसेंब्ली

भाषेला गार्बेज कलेक्टर, थ्रेड आणि भरपूर लायब्ऱ्या हव्या असतील, तर जेव्हीएम हे सगळे आयते देते. कोटलिन आणि स्काला त्यावरच वाढल्या. बायटकोड लिहायला एएसएम ही लायब्ररी नेहमीची. तुमच्या वर्गात जावा येणारे जास्त असतील तर हा मार्ग सीइतकाच सोपा पडतो. एका मेथडचा बायटकोड ६४ केबीच्या आत बसावा लागतो, एवढे लक्षात ठेवा.

ज्यांच्यासाठी भाषा करताय ती शाळेतली मुले असतील, तर त्यांच्या हातात लॅपटॉपपेक्षा फोन असण्याची शक्यता जास्त. मग वेबअसेंब्ली बघा. डिसेंबर २०१९ पासून ते डब्ल्यूथ्रीसीचे अधिकृत मानक आहे आणि फोनच्या ब्राउझरमध्ये काहीही इन्स्टॉल न करता चालते. त्यात मनमानी उडी नसते. ‘ब्लॉक’, ‘लूप’, ‘इफ’ असे बांधीव प्रवाहच असतात. तुमच्या भाषेत ‘गोटू’ नसेल तर भाषांतर सरळ होते. छापणे आणि फाइल वाचणे यासाठी मात्र जावास्क्रिप्टच्या बाजूने फंक्शने द्यावी लागतात. आणि सी बॅकएंड आधीच तयार असेल, तर एमस्क्रिप्टनमधून तोच कोड वेबअसेंब्लीत नेता येतो. वेगळा बॅकएंड लिहायची गरजही पडत नाही.

सगळे स्वतः लिहायचे असेल तर

शिकणे हाच हेतू असेल तर जरूर लिहा, पण एकाच प्रोसेसरसाठी, आणि ऑप्टिमायझेशनशिवाय. लिनक्सच्या एक्स-८६-६४ वर पहिली सहा पूर्णांक आर्ग्युमेंट्स ठरलेल्या रजिस्टरांतून जातात, पुढची स्टॅकवरून. आणि कॉलच्या वेळी स्टॅक पॉइंटर १६ च्या पटीत असावा लागतो. ही एक अट चुकली की आपला कोड बरोबर दिसतो आणि ‘प्रिंटएफ’ मात्र मध्येच कोसळते. ज्याने हे एकदा शोधून काढले, त्याला कॉलिंग कन्व्हेन्शन जन्मभर समजते. प्रकल्प वेळेत संपवायचा असेल तर हा धडा सुट्टीसाठी ठेवा.

देवनागरी नावांचा पेच

मराठी भाषेच्या कंपायलरला एक अडचण हमखास येते. ‘दऱ्या’, ‘वाऱ्याचा_वेग’ यांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो : कुणी ऱ हे अक्षर घेऊन हलन्त देतो, कुणी साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झेडडब्ल्यूजे. पडद्यावर दोन्ही सारखेच, बाइट वेगळे. म्हणजे चल एक, कंपायलरला दिसतात दोन. र आणि नुक्ता असे सुटे टाइप केलेले रूप युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने जुळते, पण झेडडब्ल्यूजेचे रूप जुळत नाही. ते लेक्सरमध्येच स्वतः बदलून घ्या.

नावे बॅकएंडला जशीच्या तशीही देऊ नका. जीसीसीने १० व्या आवृत्तीपासून युटीएफ-८ नावे स्वीकारली खरी, पण सी-२३ च्या नियमांत झेडडब्ल्यूजे बसत नाही, आणि वाटेतला असेंब्लर, लिंकर, डीबगर कुठे अडखळेल याची खात्री नाही. प्रत्येक देवनागरी अक्षराचा युनिकोड क्रमांक घालून साधे रोमन नाव बनवा आणि मूळ नाव एका तक्त्यात ठेवा. चुकांचे संदेश त्या तक्त्यातून मराठीत दाखवा. हा नियम पाळला तर बॅकएंड कोणताही असो, नावांचा त्रास होत नाही.

बदलाची वाट मोकळी ठेवा

पहिला बॅकएंड कायमचा असेल असे धरू नका. सिंटॅक्स ट्रीवरून थेट सी किंवा एलएलव्हीएम छापण्याऐवजी मध्ये स्वतःचा छोटा आयआर ठेवा : बेरीज, तुलना, उडी, हाक, वाचा, लिहा अशा वीस-पंचवीस सूचना पुरतात. बॅकएंडचा कोड एकाच फोल्डरमध्ये राहू द्या. एलएलव्हीएमचा कोणताही प्रकार फ्रंटएंडच्या फाइलमध्ये शिरू देऊ नका.

त्याच आयआरवर एक साधा इंटरप्रिटर लिहा. तो हळू चालला तरी चालेल, पण तो तुमचा पंच आहे. प्रत्येक चाचणी-प्रोग्राम इंटरप्रिटरमधून आणि बॅकएंडमधून चालवा आणि उत्तरे ताडून पाहा. पट्टीचा हिशेब, उणे संख्यांचा भागाकार, खोल रिकर्शन, रिकामी यादी, दऱ्याखोऱ्यांची नावे असे प्रोग्राम त्यात असू द्या. बॅकएंड बदलायची वेळ आली की याच चाचण्यांच्या जोरावर तो निर्धास्त बदलता येतो.

थोडक्यात निवड

कंट्रोलर किंवा अनेक प्रकारची यंत्रे : सी. फोनच्या ब्राउझरमध्ये शिकवण्याची भाषा : वेबअसेंब्ली, शक्यतो सीमार्गे. गार्बेज कलेक्टर आणि लायब्ऱ्या हव्यात, गटाला जावा येते : जेव्हीएम. रस्टमधला कंपायलर आणि झटपट चालवणे : क्रेनलिफ्ट. बॅकएंड आतून समजून घ्यायचा आहे : क्यूबीई. वेग हाच दावा आणि सांभाळणारा माणूस आहे : एलएलव्हीएम.

पक्के करण्यापूर्वी दोन पर्यायांवर एकेक आठवडा द्या. दोन्हींवर एकच छोटा प्रोग्राम चालवा : एक लूप, एक रिकर्सिव्ह फंक्शन, एक स्ट्रिंग छापणे आणि मुद्दाम केलेली एक चूक. कंपाइल व्हायला किती वेळ लागला, प्रोग्राम किती वेळात चालला, किती ओळी लिहाव्या लागल्या आणि ती चूक शोधायला किती वेळ गेला, हे चार आकडे तक्त्यात मांडा. प्रकल्पाच्या अहवालात हे एक पान घाला. बाहेरचे परीक्षक “हाच बॅकएंड का?” असे विचारतीलच, तेव्हा कुणाचे मोठे नाव सांगण्यापेक्षा आपल्याच मशीनवर घेतलेले हे चार आकडे पुढे करा.